मागच्या खोलीतले रूळ

पुन्हा तो आवाज आला. फळीला चिकटलेलं काहीतरी उचकटल्याचा, कोरडा, कट्‌ असा. ऑड्री टीसडेलने बटाट्यांचा ट्रे ओव्हनमध्ये सरकवला आणि छताकडे बघत उभी राहिली.

रविवारची दुपार होती. अर्ध्या तासात पोरं जेवायला येणार होती आणि वर मागच्या खोलीत तिचा नवरा क्लिफर्ड सकाळी आठपासून स्वतःच्याच हातांनी बसवलेले रूळ उपटत होता. सहा आठवडे हेच चाललं होतं. उपटायचे, नवे बसवायचे, दोन दिवस गुडघ्यांवर बसून त्यांच्याकडे बघायचं आणि पुन्हा उपटायचे.

शिल्डन गावातला मालगाडीच्या वाघिणींचा कारखाना चौऱ्याऐंशी साली बंद झाला, त्याच हिवाळ्यात क्लिफर्डने त्या खोलीत पहिली फळी ठोकली होती. कारखान्याचं जे यार्ड त्याच्या बापाने, अर्नेस्टने, चाळीस वर्षं आणि त्याने स्वतः तेवीस वर्षं तुडवलं, ते त्याने तिथे एका फुटाला चार मिलीमीटर या मापाने पुन्हा उभं केलं. कोळशाच्या वाघिणी, त्यांचे ब्रेकचे दांडे, पितळी पत्र्यावर सुईच्या टोकाने उठवलेले रिव्हेट, आगकाडीएवढे स्लीपर आणि त्यांवर एकेक करून डाख लावून बसवलेले रूळ. चाकं आणि रुळांची तार सोडली तर दुकानातून काही आलेलं नव्हतं. ऑड्री त्या खोलीत फक्त चहा ठेवायला जायची. तिला त्यातलं काही कळत नव्हतं आणि त्याचं तिला कधी वाईट वाटलं नव्हतं. आता मात्र तिला कशाचाच अर्थ लागेना.

"क्लिफ! हात धू आणि खाली ये!"

"दहा मिनिटं!"

"सकाळपासून तुझी दहाच मिनिटं चालली आहेत!"

तो आला तेव्हा त्याच्या स्वेटरवर खडीची पूड होती आणि कपाळावर घड्याळजीचं भिंग तसंच राहिलं होतं. बहात्तर वर्षांचा, उंच, हडकुळा माणूस. त्याने किटली उचलली आणि चहा ओतला तो कपाच्या शेजारी, टेबलावर. दोघंही त्या तपकिरी थारोळ्याकडे बघत राहिली.

"कप हलवलास तू," तो म्हणाला.

"हो," ऑड्री म्हणाली आणि फडकं घेतलं. कप तिने हलवला नव्हता. पण बाहेर गाडीचं दार वाजलं होतं, आणि पोरांना टेबल कोरडं दिसायला हवं होतं.

*

कीथने बापासमोरची खुर्ची घेतली, कारण आज बोलायचंच असं ठरवून तो आला होता. बिशप ऑकलंडहून येताना गाडीत त्याने दोनदा सराव केला होता आणि त्याची बायको जॅनिस दोन्ही वेळा म्हणाली होती, "अरे, इतकं मोठ्याने नको." बसडेपोत चाळीस ड्रायव्हर सांभाळणाऱ्या माणसाला हळू बोलायची सवय राहत नाही.

लीड्सहून बहीण लॉर्ना आली होती. ती बापाच्या शेजारी बसली, नेहमीसारखी. लहानपणीही ती तिथेच असायची. यार्डासाठी खोली हवी होती तेव्हा कीथची गेली. तो चौदा वर्षांचा होता, आणि सामान ठेवायच्या कोनाड्यात त्याचा पलंग लागला. लॉर्ना दहा वर्षांची होती, ती वाघिणींवर नंबर रंगवायला शिकली.

बीफ कापून झालं, ग्रेव्ही फिरली. मग क्लिफर्डनेच विषय काढला.

"ऑगस्टमध्ये आमच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला पाहुणे होते, तेव्हा तू त्या खोलीत खोके ठेवलेस ना?"

"फळीखाली ठेवले, बाबा. फळीवर नाही."

"मग मेन लाइन वाकली कशी?"

"ती वाकलेली नाही. गेल्या रविवारी तुम्ही मला दाखवलीत. सरळ होती."

"तुझ्या डोळ्यांना काय कळतंय?"

"निदान जे आहे ते तरी दिसतंय!"

"कीथ," ऑड्री म्हणाली.

"आई, तू मध्ये पडू नकोस. बाबा, तीन आठवड्यांवर डार्लिंग्टनचं मॉडेल रेल्वेचं प्रदर्शन आलंय. क्लबवाल्यांनी तुमचं नाव छापलंय. आणि तुम्ही चांगले रूळ उपटून कचऱ्यात टाकताय. का?"

क्लिफर्डने सुरी खाली ठेवली. "तेच मला कळत नाहीये," तो सावकाश म्हणाला. "उभा राहिलो की बरे दिसतात. खाली बसून बघितलं की मध्येच फुगवटा येतो. साप हलल्यासारखा. नवा बसवतो, दोन दिवसांनी तोही तसाच. फळीत ओल शिरली असेल. नाहीतर कोणीतरी टेकलं असेल."

"कोण टेकणार? मांजरसुद्धा मेलं तुमचं!"

"मांजराचं नाव काढू नकोस," लॉर्ना म्हणाली. "आणि त्यांच्याशी असा बोलू नकोस. ते चौतीस वर्षं रूळ बसवताहेत. त्यांना वाकडा वाटतोय तर असेल वाकडा."

"मग तू जा आणि बघ. वर्षातून चारदा येतेस आणि प्रमाणपत्रं वाटतेस."

"जाऊ दे ना रे," जॅनिस म्हणाली. तिला खरंच सगळं शांत करायचं होतं. "मंगळवारी डॉक्टर काय ते सांगतीलच."

तिच्या लक्षात आलं तोवर शब्द टेबलावर पडले होते. कीथने डोळे मिटले.

"कुठले डॉक्टर?" लॉर्नाने विचारलं.

क्लिफर्डनेच उत्तर दिलं, आणि त्याचा आवाज अगदी साधा होता. "स्मरणशक्ती तपासणारे. हो ना? माझ्या बापाला नेलं होतं तसले. शेवटी तो रोज पहाटे बसथांब्यावर उभा राहायचा, कारखान्याचा भोंगा कधी होतो याची वाट बघत." तो ऑड्रीकडे वळला. "तुला माहीत होतं?"

ऑड्रीने मान हलवली. हो म्हणून.

त्याने ताट बाजूला सारलं आणि तो वर गेला. जिन्यावर त्याचा हात कठड्याला चाचपत गेला, हे कीथने पाहिलं. म्हातारा झालाय, एवढंच त्याला वाटलं.

*

लॉर्ना आईवर उखडली, भावावर उखडली. त्यांनी पाठीमागे कट केला, जॅनिसला सगळं माहीत आणि सख्ख्या मुलीला नाही, असं सगळं तिने ऐकवलं. आई फक्त म्हणाली, "तू फोनवर इतकी आनंदात असायचीस गं." तेव्हा लॉर्ना जिना चढली.

मागच्या खोलीत तोच जुना वास होता, डाखाचा आणि रंगाचा. वाघिणी खिडकीखालच्या फडताळावर ओळीने काढून ठेवल्या होत्या. खोलीच्या लांबीएवढ्या फळीवर अर्ध्याहून जास्त भागात रूळ नव्हतेच, नुसता डिंकाचा माग होता. पलीकडे नवा, चकचकीत तुकडा होता. आणि खिडकीपाशी, गंजासारख्या रंगाने रंगवलेला, सर्वात जुना. तिला तो ओळखता आला. चौऱ्याऐंशीच्या नाताळात बसवलेला. त्यातले स्लीपर तिने काळे केले होते आणि आईने तिचा फ्रॉक फेकून दिला होता.

बाप गुडघ्यांवर बसला होता. डावा डोळा मिटलेला, उजवा रुळाच्या पातळीत. आयुष्यभर तो असाच बघत आला होता.

"ये, पोरी. तू बघ. तू तरी सांग. या जुन्या तुकड्याला मी हात लावला नाहीये अजून. धीर होत नाही. पण हाही गेलाय. तिथे, सिग्नलच्या पुढे. दिसतोय फुगवटा?"

ती त्याच्या शेजारी बसली, एक डोळा मिटला आणि बघितलं. दोन बारीक रेषा खिडकीच्या उजेडाकडे गेल्या होत्या. सरळ. ओढलेल्या दोऱ्यासारख्या सरळ.

तिने पुन्हा बघितलं. डोकं तिरकं करून, वरून, खालून. काही असेल तर दिसावं, अशी तिची फार इच्छा होती.

"पोरी?"

त्याच्या आवाजात काहीतरी होतं जे तिने आजवर ऐकलेलं नव्हतं. हा माणूस कुणाला काही मागत नसे.

"हो," ती म्हणाली. "थोडासा आहे. सिग्नलच्या पुढे."

त्याचे खांदे खाली आले. त्याने तिच्या पाठीवर थाप मारली, एकदा, जोरात. "बघ! म्हणजे मला वेड लागलेलं नाही."

"नाही, बाबा."

"मग संपलं," तो म्हणाला, आणि तिला काही कळायच्या आत त्याने पटाशी उचलली आणि जुन्या रुळाखाली घातली. कट्‌. कट्‌. चौऱ्याऐंशीचे स्लीपर एकामागून एक उडाले, काळे, बारीक. एक तिच्या मांडीवर पडला.

"बाबा, थांबा! प्रदर्शन होऊ दे, मग–"

"वाकडा आहे ना? तूच म्हणालीस."

आता खरं सांगायचं तर काय सांगायचं होतं? की मी खोटं बोलले, की तुम्हाला वेड लागलंय? ती त्याच्या मनगटाकडे बघत राहिली आणि पटाशी पुढे सरकत गेली.

*

आवाज ऐकून कीथ दोन-दोन पायऱ्या चढत आला. मागून ऑड्री, तिच्यामागे जॅनिस. दारातूनच त्याने बघितलं आणि त्याचा चेहरा पडला.

"जुना पण? बाबा, आजोबा हयात होते तेव्हाचा तो!"

"तुझ्या बहिणीलाही वाकडा दिसला. विचार तिला."

कीथने लॉर्नाकडे पाहिलं. लॉर्नाने खिडकीकडे पाहिलं.

तो आत आला आणि त्याने भिंतीवरची पोलादी पट्टी काढली. फूटभर लांब, कारखान्यातून आलेली, कडा पात्यासारखी. नव्या तुकड्यावर त्याने ती रुळाला लावून धरली. "बसा खाली. बघा. केसभर फट आहे का? कागद तरी जातो का मधून?"

क्लिफर्ड बसला. डावा डोळा मिटला. मग त्याने हात फिरवून बघितला, रुळावर, पट्टीवर, पुन्हा रुळावर.

"ही पट्टी पण वाकली आहे," तो म्हणाला.

जॅनिसने तोंडावर हात ठेवला. लॉर्नाला वाटलं, बाबा हे माझ्यामुळे बोलले, आणि लगेच वाटलं, नाही, माझ्यामुळे कसं? तिला काहीच सुसंगत सुचेना. पोलाद वाकलंय म्हणताहेत. उद्या म्हणतील भिंत वाकली. मंगळवारपर्यंत तरी यांना सांभाळायचं कसं?

ऑड्री मात्र नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघत होती. रूळ तिला कळत नव्हते, पट्टी कळत नव्हती, पण तो चेहरा पन्नास वर्षं तिच्यासमोर होता. तिला जूनमधली एक सकाळ आठवली. नाश्त्याला बसलेला हा एक डोळा चोळत म्हणाला होता, "आज नाक कुठे विसरलीस?" ती हसली होती. थट्टाच ती. मग ऑगस्टमध्ये गाडीचा आरसा कुंपणाला घासला. मग चहा. ती पुसत राहिली, झाकत राहिली, कारण तिला वाटलं डोक्याचं आहे, आणि डोक्याचं म्हणजे अर्नेस्ट, आणि अर्नेस्टचं शेवटचं वर्ष तिनेच काढलं होतं.

ती पुढे झाली. गुडघे दुखत होते तरी खाली बसली आणि तिने आपला तळवा त्याच्या उजव्या डोळ्यावर ठेवला. हाताला अजून ग्रेव्हीचा वास होता.

"काय करतेस, बाई?"

"गप्प बस. दुसरा डोळा उघड. आता बघ."

"मी नेहमी उजव्याने–"

"माहीत आहे. आता डाव्याने बघ."

कीथने पट्टी तशीच धरून ठेवली होती.

"ऑड्री," क्लिफर्ड म्हणाला. "हात काढ." तिने काढला. "ठेव परत." तिने ठेवला. असं त्याने चार वेळा करायला लावलं.

"सरळ आहे," तो शेवटी म्हणाला. "पट्टी सरळ आहे. रूळही सरळ आहे."

"डोळा आहे," ऑड्री म्हणाली आणि तिथेच, खडीच्या पुडीत, रडायला लागली. "डोळाच आहे रे बाबांनो, डोकं नाही."

जॅनिस तिला धरायला धावली. कीथ हसतोय की हुंदका आवरतोय हे कळत नव्हतं. तो म्हणत होता, "मी म्हणत होतो ना सरळ आहे, म्हणत होतो ना." सगळे एकदम बोलायला लागले, उद्या सकाळी चष्मेवाल्याकडे, नाही आत्ताच इमर्जन्सीला, गाडी कोण काढतो.

क्लिफर्ड त्यात नव्हता. त्याने जमिनीवरचे काळे स्लीपर गोळा करायला घेतले होते. तीन-चार हातात आले आणि तो थांबला.

"म्हणजे हे सगळे सरळ होते," तो म्हणाला. "सहा आठवडे. सगळे." मग त्याने मान वर केली, लॉर्नाकडे. "तुला काय दिसलं होतं?"

"बाबा, मला वाटलं–"

"काय वाटलं ते नाही विचारत. दिसलं काय?"

"सरळ दिसला होता."

त्याने मान डोलावली, जणू एखाद्या कामगाराने माप सांगितलं आणि ते चुकीचं निघालं. "कीथ," तो म्हणाला, "मला खाली ने. जिना नीट दिसत नाही."

*

सोमवारी चष्मेवाल्याने डोळ्याच्या आत बघितलं आणि स्वतःच इस्पितळात फोन लावला. गुरुवारी उजव्या डोळ्यात पहिलं इंजेक्शन झालं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि गुळमुळीत बोलत नव्हत्या. डोळ्याच्या पडद्यामागे नको त्या रक्तवाहिन्या वाढतात आणि पाझरतात, मधला भाग फुगतो, सरळ रेघ वाकडी दिसते. थांबवता येईल. गेलेलं सगळं परत येईलच असं नाही. हे चारेक महिन्यांचं दिसतंय; जूनमध्ये आला असतात तर बरं झालं असतं. "जून" हा शब्द ऐकताच ऑड्रीने पर्सचा चाप उघडला आणि मिटला. घरी आल्यावर तिने त्याला नाकाची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "मला खरंच दिसलं नव्हतं तुझं नाक. मला वाटलं झोप झाली नसेल." नंतर दोघंही हसली, पण फार वेळ नाही.

मंगळवारची भेट कीथने रद्द केली. डार्लिंग्टनच्या प्रदर्शनातून नावही काढून घेतलं. क्लबवाल्यांनी विचारलं, पुढच्या वर्षी? कीथ म्हणाला, विचारून सांगतो, आणि विचारलं. "तू शनिवारी येशील का?" हे बापाचं उत्तर होतं.

लॉर्ना दर रविवारी फोन करायची. फोन ऑड्री घ्यायची. "बरे आहेत गं. वर आहेत. कीथ आहे सोबत." वर आहेत, हे वाक्य लॉर्नाने नोव्हेंबरभर ऐकलं. बापाने भांडण केलं नव्हतं, काही मनाला लावून घेतलं आहे असंही म्हणत नव्हता. तो फक्त फोनवर येत नव्हता. प्रेमापोटी बोललेल्या एका वाक्यासाठी इतकं, असं तिला वाटायचं. आणि मग तो उडालेला स्लीपर डोळ्यांसमोर यायचा आणि वाटायचं, इतकं तर इतकं. यातलं खरं कुठलं ते तिला ठरवता येईना. डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी ती कोणाला न कळवता गाडीत बसली.

आईने दार उघडलं आणि नुसतं वर बोट केलं.

खोलीत कीथ बापाचं घड्याळजीचं भिंग लावून, जीभ दातांत धरून डाख लावत होता. बोटांना दोन ठिकाणी चिकटपट्ट्या. क्लिफर्ड त्याच्या खांद्याशी बसून डाव्या डोळ्याने बघत होता. फळीवर नवा हातभर तुकडा होता. दोन महिन्यांत एवढंच.

"डाख जास्त झाला. तू बसडेपोतल्या बसला ग्रीस लावत नाहीयेस."

"तुम्ही लावा मग."

"मला अंतर कळत नाही. बोट भाजेल."

"माझं भाजलेलं चालतं वाटतं."

क्लिफर्डने पावलं ऐकली असावीत. तो वळला नाही. "कोण आहे?"

"मी," लॉर्ना म्हणाली.

क्लिफर्डने तापल्या डाखाचा धूर हाताने बाजूला सारला. मग तो म्हणाला, "बघून सांग."

कीथने तिच्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर तिला स्पष्ट वाचता आलं, बाई गं, आठ शनिवार गेलेत यात. ती दारातूनच वाकली, एक डोळा मिटला.

पहिले वीस-पंचवीस स्लीपर ठीक होते. पुढे डावा रूळ किंचित आत येत होता. अगदी किंचित. तिने घाई केली नाही. पुन्हा बघितलं आणि मग आणखी एकदा.

"वाकडा आहे," ती म्हणाली. "शेवटून सातव्या स्लीपरपाशी. डावा."

"काही नाही हं!" कीथ ओरडला. "हिला दारातून काय दिसणार? आत्ता मी गेज लावून अंतर बघितलं!"

"पट्टी लाव," क्लिफर्ड म्हणाला.

कीथने पट्टी लावली. कागदाचा तुकडा घेतला आणि सातव्या स्लीपरपाशी रूळ आणि पट्टीच्या मधून सरकवला. तो आरपार गेला. कीथने अशी शिवी हासडली की खालून जॅनिसचा आवाज आला, "काय झालं रे?"

"काही नाही!" क्लिफर्ड खाली ओरडला. त्याने चाचपत पटाशी शोधली आणि मुठीकडून कीथपुढे धरली. "सातपासून पुढचे काढ. हळू, फळी उखडू नकोस." मग बाकावर थोडा सरकला, खिडकीच्या बाजूला, एक माणूस बसेल इतका.

"आणि तू तिथे काय उभी आहेस?" तो लॉर्नाला म्हणाला. "खाली बस. उभ्याने कोणालाही रूळ दिसत नाही."